व्हेंटेनेसची पाटी

व्हेंटेनेस म्हणजे बेटावरच्या भाषेत वाट पाहण्याचं टोक. कॉड मासे धरायला गेलेल्या होड्या परतेपर्यंत बेटावरच्या बायका इथे हातमोजे विणत उभ्या राहायच्या. बोर्गहिल्डची आईसुद्धा. नवऱ्यासाठी विणायला घेतलेला तिचा शेवटचा हातमोजा अर्धाच राहिला.

आणि आज पर्यटन कचेरीतला स्युर्ड तिथे इंग्रजी पाटी ठोकत होता: 'सनसेट पॉइंट'.

"बोर्गहिल्डकाकू, पाहुण्यांना आपलं नाव म्हणता येत नाही हो."

"शिकतील की! तुला तरी कुठे येत होतं? बालवाडीत मीच तुझ्याकडून घोकून घेतलं."

"पण वरून हुकूम आलाय."

"वरून काय येतं इथे? पाऊस आणि सीगलची घाण."

तिने होडीच्या लाल रंगाचा डबा त्याच्या हातात कोंबला, ब्रश बुडवला आणि पाटीवरच्या 'सनसेट पॉइंट'वर एका फटकाऱ्यात काट मारली. वरच्या मोकळ्या जागेत ठसठशीत लिहिलं: व्हेंटेनेस.

"आता खाली बारीक अक्षरात तुझ्या इंग्रजीत लिही, इथे बायका वाट पाहायच्या. अर्थ त्यांना दिला, नाव देणार नाही."

"माझी नोकरी गेली तर?"

"तर इथे येऊन उभा राहा. मी विणायला शिकवीन."

स्युर्डने ब्रश घेतला.