तिसऱ्यानंतर दुसरं

सिनेमा संपला की दिवे लगेच लावायचे नाहीत, असा त्या मंडळाचा नियम होता. अंधारातच प्रत्येकानं एका शब्दात सांगायचं, सिनेमा कशाबद्दल होता. मग दिवे, मग चहा, आणि मग त्या शब्दांवरून जी जुंपायची ती सभागृहाचा रखवालदार किल्ल्या वाजवीपर्यंत. नियम मंडळ चालवणाऱ्या बाईंचा. त्यांनी जन्मभर शाळेत कविता शिकवल्या. गोष्ट राहू द्या, गाभा सांगा, हे पालुपद तिथलंच. उजेडात माणसं एकमेकांची तोंडं बघून बोलतात, म्हणून अंधार.

दातांचे डॉक्टर कुठल्याही सिनेमाला "एकटेपणा" म्हणत. दिवसभर समोरच्याला आ करून बसवल्यावर गप्पा मारणार कोण, अशी चिटणीस त्यांची फिरकी घेत. ग्रंथपालबाई दोन शब्द सांगून एकाच शब्दाचा आव आणीत. आणि मागे यंत्रापाशी बसलेले बाईंचे यजमान नेमकी एखादी वस्तू सांगत. छत्री. किटली. जिना.

"ह्याला विषय म्हणत नाहीत, सामान म्हणतात," बाई घरी जाताना ठणकावत.

"मग सामान नसलेल्या घरात तुझे विषय राहणार कुठं?" ते म्हणत, आणि रिळांचे डबे या हातातून त्या हातात घेत.

मंडळात एक किस्सा फार जुना. एका सिनेमाची तीन रिळं होती आणि यजमानांनी पहिल्यानंतर तिसरं लावलं, मग दुसरं. त्यामुळे झालं असं, की सिनेमातला नवरा मेला, बायकोनं त्याचा सदरा घडी करून फडताळात ठेवला, "समाप्त" अशी पाटीही आली. आणि पुढच्या रिळात तोच नवरा तोच सदरा घालून स्वयंपाकघरात उभा. बायको त्याच्या अंगावरच सदऱ्याचं बटण शिवतेय. दोरा दातानं तोडायला ती त्याच्या छातीशी वाकते, आणि रीळ संपतं.

कुणाच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मधेच आलेल्या पाटीला दिग्दर्शकाचं धाडस म्हणून वाहवा मिळाली. "मरणानंतरचा सहवास," ग्रंथपालबाई म्हणाल्या. बाईंनी तर काळाच्या मोडतोडीवर असं काही विवेचन केलं, की दातांच्या डॉक्टरांनीही पहिल्यांदाच एकटेपणा मागे घेतला. यंत्रामागून फक्त "बटण" असा आवाज आला होता. दुसऱ्या दिवशी डबे परत भरताना चूक कळली. यजमानांनी ती हसत हसत सगळ्यांना सांगून टाकली. तेव्हापासून मंडळात कुणी फार खोलात शिरलं की दुसरा म्हणे, अहो, आधी रिळं तर बघा.

यजमान गेले ते थंडी सरता सरता. बाई रडल्या नाहीत. माणसं भेटायला आली, त्यांना पाणी दिलं, कागदांवर सह्या केल्या, यजमानांचे कपडे कुणाला द्यायचे ते ठरवलं. धाकटी नणंद सोबतीला येऊन राहिली होती. ती आधी कौतुक करी, आताशा धास्तावल्यासारखी बघे. बाई चहा घेत तो कढत आहे की पाणी झालाय, हेही त्यांना कळत नसे. दाढ काढताना भूल दिली की ओठ आपला असून आपला वाटत नाही, तसं सगळ्या अंगाचंच झालेलं. पुस्तक उघडलं की वियोग, मृत्यू, स्मृती असे शब्द समासात लिहिता येत. हात चाले, आत काही हलत नसे.

म्हणून त्यांनी ठरवलं होतं, की आता मंडळ सोडायचं. ज्याला काही लागतच नाही त्यानं दुसऱ्यांना गाभा काय विचारायचा? बाईंशिवाय मंडळ चालणार नाही हे नणंदेला ठाऊक होतं, आणि मंडळाशिवाय बाई घराबाहेर पडणार नाहीत, हेही. तिनं वाद घातला नाही. एवढंच म्हणाली, की वहिनी, सांगायचं ते तिथं जाऊन तोंडानं सांगा, निरोप नको. बाई कबूल झाल्या.

त्या दिवशी चिटणिसांनी यजमानांच्या आठवणीसाठी तोच, तीन रिळांचा सिनेमा मिळवला होता. यंत्र तेच, चालवायला चिटणीस स्वतः. डब्यांवरचे आकडे त्यांनी इतक्या वेळा तपासले, की दातांचे डॉक्टर म्हणाले, आता त्यांना पाठ झाले असतील.

पहिलं रीळ झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. सगळं जागच्या जागी. बटण शिवलं, दोरा तुटला, पुढे नवरा आजारी पडला, गेला. सदरा फडताळात. समाप्त. बाईंच्या लक्षात आलं, की सिनेमा तसा बेताचाच आहे. गाभाही सरळ, पाटीवर लिहिल्यासारखा.

अंधारात शब्द येऊ लागले. "वियोग." "मरण." डॉक्टरांनी मुद्दाम बराच वेळ घेतला आणि "एकटेपणा" म्हणाले, या खेपेला कुणी हसलं नाही. मग सगळे बाईंसाठी थांबले. मंडळ सोडायचं आता सांगून टाकावं, असं बाईंना वाटलं. वाक्यही तयार होतं.

"चिटणीस," त्या म्हणाल्या, "दुसरं रीळ पुन्हा लावाल का?"

"आत्ता? तिसऱ्यानंतर?"

"हो. यांनी लावलं होतं तसंच."

रीळ उलटं गुंडाळायला वेळ लागला. कुणी दिवे लावले नाहीत. मग पडदा उजळला आणि मेलेला माणूस आत आला. त्याला मेल्याचं काही नव्हतं. भूक लागली म्हणाला, खुर्ची ओढली, पुन्हा उठला, कारण बायकोनं सुईत दोरा ओवला होता. हलू नका, टोचेल, ती म्हणाली. तिचा एक हात सदऱ्याच्या आत, सुई त्याला लागू नये म्हणून आडवा धरलेला. तो हात बाईंनी त्या वेळी पाहिलाच नव्हता, मघाशीही नाही. तेव्हा काळाच्या मोडतोडीत त्या अडकल्या होत्या. ती छातीशी वाकली, आणि पडदा पांढरा झाला.

रिळाचं मोकळं टोक फटफट वाजत राहिलं. चिटणिसांनी यंत्र बंद केलं.

"बाई?" त्यांनी विचारलं.

"बटण," बाई म्हणाल्या.

दिवे लागले. बाईंचे डोळे कोरडेच होते, नणंदेनं ते आधी पाहिलं. चहा आला. ग्रंथपालबाई दबकत म्हणाल्या, की बटणावर चर्चा कशी करायची? चिटणीस म्हणाले, शिवून बघायचं. हशा झाला, थोडा.

बाईंनी कपाला ओठ लावला आणि चटकन मागे घेतला.

"काय झालं?" नणंदेनं विचारलं.

"कढत आहे फार." बाईंनी कप खाली ठेवला.

नणंद त्यांच्या जवळ सरकली. मग हळूच म्हणाली, "मंडळ सोडण्याचं बोललात का त्यांच्याशी?"

"राहिलंच की, वन्सं," बाई म्हणाल्या, आणि चहा निवायची वाट बघत बसल्या.