पातेल्यावरचं नाव

सोनूबाईकडून प्रियाला, हळदीच्या दिवशी.

धर्मराज मास्तर, सेवानिवृत्ती.

प्रितम, पहिला वाढदिवस.

महिला मंडळ. नेल्यास परत करावे.

तातेराव, टेंभुर्णी.

ही सगळी मंडळी शुक्रवारी सकाळी नवीन जालन्यातल्या एका पोलीस ठाण्याच्या आवारात उन्हात पालथी पडली होती.

बेबीनंदाच्या गल्लीतली चार घरं मागच्या महिन्यात भरदुपारी फुटली. सगळे एकाच लग्नाला गेले होते; चोराला पत्रिका नव्हती, तरी तारीख ठाऊक होती. त्याने भांडी एमआयडीसीजवळच्या भंगारवाल्याला विकली. भांड्यांवर कोरलेली एवढी नावं वाचून भंगारवाला घाबरला आणि त्यानेच ठाण्यात फोन केला. भांडी परत द्यायला कोर्टाची परवानगी मिळाली. गुरुवारी ठाण्याच्या साहेबांनी सगळ्या भांड्यांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकले आणि खाली लिहिलं: ज्याचं नाव त्याचं भांडं, आधार कार्ड आणावे. रात्रीपर्यंत ते फोटो गावोगाव फिरले.

साहेबांचं लग्न व्हायचं होतं. भांड्यावर नाव देणाऱ्याचं असतं, घेणाऱ्याचं नसतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

"हे माझं," बेबीनंदा पितळी पातेल्याजवळ उभी राहून म्हणाली.

हवालदार कल्याणने यादी पाहिली. "यावर तातेराव आहे."

"माझा भाऊ. माझ्या लग्नात देल्तं त्यानं."

"मंग त्यांनाच यावं लागन, ताई. साहेबांचा नियम हाये."

तिकडे गल्लीतल्या शालूने एक डबा उचलला, तो तिच्या शेजारच्या दुर्गाबाईंनी हातातून काढून घेतला.

"हा माझा हाये. दोन वर्षं शोधून राह्यले मी."

"वहिनी, चोरानंच नेला असंल."

"चोर तुझ्या घरात शिरला ना? मंग माझा डबा तिथं काय करून राह्यल्ता?"

"रिकामा कसा परत करायचा, म्हून ठेवल्ता."

"दोन वर्षांत एक लाडू झाला न्हाई तुझ्याच्यानं?"

कल्याणसुद्धा हसला. बेबीनंदा हसली नाही. मामाला न विचारता तिने लेकीच्या, प्रियाच्या लग्नाची तारीख धरली, म्हणून तातेराव भाचीच्या लग्नाला आले नव्हते. नंतर त्यांचे फोन आले, ते तिने उचलले नाहीत. याला तीन वर्षं झाली होती. विहारातली प्रत्येक पौर्णिमेची खीर तिने याच पातेल्यात शिजवली होती. तिला पातेलं पाहिजे होतं, आणि भावापुढे नमतं घ्यायचं नव्हतं.

"लावू का फोन?" कल्याणने विचारलं.

तिने पदर सारखा केला, पुन्हा सारखा केला.

"लावा. पण मी सांगितलं म्हून नका सांगू. नियम हाये म्हून सांगा."

टेंभुर्णीहून यायचं म्हणजे दोन तास कुठे गेले नाहीत. तेवढ्या वेळात चेहरा कसा ठेवायचा ते ठरवता येईल, असा हिशोब करून ती बाकावर टेकली. पाऊण तासातच फटफटी आवारात शिरली. तातेराव इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, आधार कार्ड हातात धरून आले आणि बहिणीला सोडून सगळ्या भांड्यांकडे बघू लागले.

"हे पातेलं तुमचं?" कल्याणने विचारलं.

"नाव माझं. पातेलं तिचं. त्यात मीठ जास्त पडतं, तेबी तिचंच."

"म्हणजे तुम्ही साक्षीदार." कल्याणने फॉर्म पुढे ओढला. "नातं काय लिहू?"

बेबीनंदाने पुन्हा पदर सारखा केला.

"हा रकाना सोडता येईन का?" तातेरावांनी हळूच विचारलं.

"बिलकुल न्हाई."

"थोरला भाऊ," बेबीनंदा म्हणाली. "बराबर लिहा. खाडाखोड नको."

तातेरावांनी सही केली, पेनाला टोपण लावायला बराच वेळ घेतला. "तीन वर्षं घरी बोलली न्हाई," ते कल्याणला म्हणाले, "अन् पोलिसात कबूल झाली."

"जेवायला थांब, दादा. प्रिया आलीय. जावयाला बघितलं न्हाईस तू अजून."

"अन् मीठ?"

"जावयाला विचार. तो काही म्हणत न्हाई."

"नवीन हाये बिचारा," म्हणत तातेरावांनी पातेलं उचललं आणि फटफटीला मागे बांधायला दोरी मागितली.

ठाण्यातून तातेरावांना फोन गेला तो साडेदहाला. टेंभुर्णीहून ते नऊलाच निघाले होते.