ज्याचं त्याचं पिंप

आमच्या गावात लग्न झालं की नवरा-बायकोच्या नावाची दोन लहान पिंपं भरून तळघरात ठेवतात. आर्विन द्राक्षांची पांढरी वाइन, अजिबात गोड नसलेली. ज्याच्या नावाचं पिंप, त्याच्या मयताला आलेल्यांनी ती प्यायची. वर्षातून एकदा वरून भर घालायची, बस. खाली तोटी ठोकायची ती माणूस गेल्यावरच. आधी ठोकली तर मरणाला घर दाखवलं, असं सगळे मानतात. मीही मानते. आमचे पाद्रीबाबा हसतात, पण गावानं त्यांच्या नावानं भरलेल्या पिंपालाही तोटी नाही, मी पाहिलंय.

माझा नवरा पांक्रास सात वर्षं धरणाच्या बोगद्यात सुरुंगाची भोकं पाडत होता. दगडाची भुकटी छातीत बसली. चाळिशीही गाठली नव्हती आणि खाटेपासून खिडकीपर्यंत जाताना दोनदा टेकायचा. मार्चमध्ये डॉक्टरांनी मला दाराबाहेर नेऊन सांगितलं, द्राक्षं खुडायच्या वेळी हा नसेल. त्यानं आतून ऐकलं. कान शाबूत होते मेल्याचे.

त्या दिवसापासून एकच धोशा.

"लेओनी, माझ्या पिंपातला एक पेला दे."

"गप पड."

"अगं, अकरा वर्षं मी ते भरतोय, आणि पिणार कोण, तर आदलीनचा नवरा. ज्यानं मला जन्मात एक घोट पाजला नाही." आदलीन म्हणजे त्याची बहीण.

"मग मरू नकोस. त्याला मिळणार नाही."

तो हसायला गेला आणि खोकत राहिला. मला राग यायचा. तोटी ठोकायची म्हणजे हा गेला हे मीच कबूल करायचं.

मे महिन्यात त्यानं जेवण टाकलं. सूप नको, चीज नको, तोच पेला हवा. तेव्हा मी अक्कल पाजळली. खाली गेले आणि माझ्या पिंपाला तोटी ठोकली. मरण यायचंच असेल तर माझ्या नावानं येऊ दे. मी धडधाकट बाई, मला काय होतंय. याची तहान भागेल आणि याचं पिंप बंद राहील.

त्यानं पेल्याचा वास घेतला, एक घोट जिभेवर धरला. चेहरा उतरला.

"हे माझं नाही."

"तुझंच आहे."

"माझी द्राक्षं वरच्या पाटाकडची. ही तुझ्या माहेरच्या तुकड्यातली, शेवटी जीभ खारट होते. काय केलंस तू हे? एक पोरगी नऊ वर्षांची, एक सहाची. मी चाललोय, आणि आता तूही रांगेत उभी राहिलीस. त्यांना काय आदलीन सांभाळणार?"

"असं काही नसतं रे."

"नसतं, तर माझ्या पिंपाला का नाही ठोकलीस?"

पेला तसाच राहिला.

पुढचे चार दिवस तो माझ्याकडे असा बघायचा, जणू आजारी मीच आहे. मी शिंकले तरी दचकायचा. रोज म्हणायचा, तोटी काढ, बूच ठोक. मी म्हणायचे, रविवारी काढते, वेलींची कामं पडलीत. खरंच पडली होती.

शनिवारी दुपारी मळ्यातून आले तर खाट रिकामी. सोळा पायऱ्या उतरून तो तळघरात गेला होता. तोटी उपटलेली, भोकात बूच ठोकलेलं, हातोडा मांडीवर. माझ्या पिंपाला पाठ टेकून बसला होता. उडालेल्या वाइननं शर्ट चिंब, आणि तळघरभर तिचा फुलांसारखा वास. अंग गार झालं होतं. मी त्याला खूप बोलले. ऐकायला कुणी नव्हतं, म्हणून वाटेल ते बोलले.

मयताला त्याच्या पिंपाची वाइन काढली. आदलीनचा नवरा तीन पेले प्याला. म्हणाला, "पांक्रासचा हातच तसा होता." मी ओठ लावले नाहीत.

गावात म्हणतात, मरण लेओनीकडे निघालं होतं, नवऱ्यानं ते मध्येच अडवलं. माझ्या तोंडावर कुणी म्हणत नाही.

बूच मात्र वाकडं बसलंय. त्याच्या हातात जोर कुठं होता. रोज थोडं गळतं, खाली वाटी ठेवलीय. धाकटी विचारते, आई, सरळ करू का. मी म्हणते, हात लावायचा नाही. त्यानं ठोकलंय ते. माझ्या वेळी लोक कोरडे परत गेले तर जाऊ देत.