चिकटवलेलं कलम

मी भाडेकायद्याचं पुस्तक बोलतोय. आधी हात पुसा, मग उघडा. माणसांवर माझा फारसा विश्वास नाही आणि त्याला कारण आहे.

छापखान्यातून बाहेर पडलो तेव्हा मी भलत्याच ऐटीत होतो. पण कायद्याच्या पुस्तकाचं तारुण्य ते केवढं! कायदा बदलला की आम्ही शिळे. मग काही प्रकाशक जुन्याच पानांना नवं कव्हर घालून ‘सुधारित आवृत्ती’ म्हणून खपवायचे. माझा प्रकाशक तसा नव्हता. तो बदललेलं कलम चिठ्ठीवर छापून घ्यायचा आणि जुन्या कलमावर खळीने चिकटवायचा. माझ्याही पोटात अशी चिठ्ठी होती, जरा वाकडी बसलेली.

पुढे जुन्या पुस्तकांच्या दुकानातून मला एका नव्या वकीलबाईंनी घेतलं. आधी वास घेतला, कव्हर नखाने खरवडून पाहिलं. एकदा शिळं पुस्तक गळ्यात पडल्यापासून त्यांना सगळीकडे काळंबेरं दिसायचं. मला त्या एकदम आवडल्या.

त्यांची पहिली अशील सख्खी मावशीच. तिचं शिवणकामाचं दुकान रिकामं करायची नोटीस मालकाने दिली होती. माझी चिठ्ठी सांगत होती: नोटिशीची मुदत संपायच्या आत भाडेकरूने कोर्टात अर्ज करावा, नाहीतर जागा सोडावी.

“ही वाकडी चिठ्ठी कुणी डकवली गं?” मावशी म्हणाली.

“तेच म्हणते मी! कुणा घरमालकाचाच उद्योग दिसतोय.”

त्यांनी मला किटलीच्या वाफेवर धरलं आणि चिठ्ठी सोलून काढली. खाली जुनं कलम होतं: दुसरी जागा दिल्याशिवाय भाडेकरूला हलवता येणार नाही.

“बघ मावशी! आता बसू दे त्याला बोंबलत. अर्जबिर्ज काही नको.”

दोघी खुशीत हसल्या. मी आतल्या आत ओरडत होतो, पण पुस्तकाचं ऐकतो कोण?

मुदत निघून गेली. कोर्टात समोरच्या वकिलाने आपलं पुस्तक उघडलं. तेच कलम, तीच चिठ्ठी, फक्त सरळ लावलेली.

दुकान गेलं. मावशीचं मशीन आता तिच्या स्वयंपाकघरात आहे आणि मी त्याच्यावर. काल वकीलबाई आल्या. मावशी म्हणाली, “वाकडी आहे असं आधी मीच म्हणाले होते गं.” त्यावर वकीलबाई ढसाढसा रडल्या. मलाही फार वाईट वाटलं.

माझ्यावर संशय घ्या, जरूर घ्या. पण मग चौकशीही करा. माझ्या प्रकाशकाचं दुकान कोर्टाच्या अगदी समोर आहे. विचारायला कुणी गेलंच नाही.