मेहुण्यांचा बिनमातीचा ट्रॅक्टर

जुने ट्रॅक्टर जपणारा माणूस हाच मातीचा खरा पुत्र, असं माझे मेहुणे चारचौघांत सांगतात. त्यांनी मातीत पाय घातल्याचं मात्र कुणाला आठवत नाही. भंगारातून आणलेल्या एका ट्रॅक्टरला त्यांनी इतका रंग फासला, की बॉनेटमध्ये बघून दाढी करता यावी. थंडीत त्यावर घरातली एकुलती रजई असे. माझी ताई चादरीवर भागवी.

जुन्या ट्रॅक्टरांच्या एका प्रदर्शनात त्यांनी तो नेला, तेव्हा पदकासाठी परीक्षकांनी एकच अट घातली: ट्रॅक्टरने बाजूच्या शेतात थोडं नांगरून दाखवायचं.

मेहुण्यांचा चेहरा पडला.

"अहो, ट्रॅक्टरच आहे तो," ताई म्हणाली, "नवरदेव नव्हे. घाला शेतात."

पदक तर हवंच होतं. मेहुणे परीक्षकांपुढे हात जोडून उभे राहिले.

"साहेब, शेतावर आधी ताडपत्री अंथरली तर चालेल का?"