तीसची अट

केकवर निळ्या आयसिंगने भलामोठा 'ए' काढला होता, आणि तो बघूनच वर्नेट गेन्सने तोंड फिरवलं. जेवणाच्या हॉलमध्ये सगळे शिक्षक कागदी बशा घेऊन ताटकळत उभे. मुख्याध्यापक डॉयल पिकेट जातीने केक कापत होते. स्वारी इतकी खूश, की टायला आयसिंग फासलंय याचाही पत्ता नाही.

"या या, मिस वर्नेट! कोपऱ्याचा तुकडा ठेवलाय तुमच्यासाठी. आयसिंग जास्त असतं त्याला."

"नको मला. पोट बरं नाही."

"अहो, आजच्या दिवशी तरी! चार वर्षं नापास म्हणून तोंड लपवत फिरलो आपण. आता खा की ताठ मानेने."

वर्नेटने बशी घेतली आणि तशीच टेबलावर ठेवून दिली. ताठ मान म्हणे! कटर्स फेरी गावाची ही प्राथमिक शाळा चार वर्षं सरकारी यादीत नापास होती, आणि यंदा एकदम 'ए' श्रेणी. मधल्या काळात मुलं काय धडाधड वाचायला लागली होती? छे! गुण होते तिथेच होते. बदलली होती ती फक्त मोजायची रीत.

वॉशिंग्टनचा, म्हणजे केंद्र सरकारचा कायदा सांगायचा, शाळेतल्या एकेका गटाचा निकाल वेगळा बघा. गरीब मुलं वेगळी, काळी मुलं वेगळी, घरी स्पॅनिश बोलणारी वेगळी, शिकायला अडचण असलेली वेगळी. एक गट जरी मागे पडला तरी अख्खी शाळा नापास. कायदा आडमुठा होता, यात शंका नाही. वर्नेटनेच त्याला किती वेळा शिव्या घातल्या असतील. पण त्या आडमुठेपणामुळेच तिच्या वर्गातल्या, शिकायला अडचण असलेल्या अकरा मुलांकडे कोणाला तरी बघावं लागायचं, कारण गटात दहा मुलं असली की तो मोजला जायचा. यंदा राज्याने वॉशिंग्टनकडे लवचीकता मागितली. वॉशिंग्टनने दिली. राज्याने लगेच दहाचे तीस केले. तीसपेक्षा कमी मुलं असली, तर तो गटच धरायचा नाही. झालं! अकरा मुलं शाळेत रोज येत होती, बाकांवर बसत होती, दूध सांडत होती, आणि निकालात मात्र कुठेच नव्हती.

हात धुवायला म्हणून ती शिक्षकांच्या खोलीत गेली. तिथे एका भिंतीवर प्रत्येक मुलाच्या नावाचं कार्ड लावलेलं असायचं. पास होणाऱ्याचं हिरवं, चार-दोन गुणांनी हुकणाऱ्याचं पिवळं, बाकी सगळी लाल. वर्नेटची अकराच्या अकरा लालच. आज त्या जागी नुसत्या टाचण्यांची भोकं होती.

"माझी कार्डं कुठे गेली गं?" तिने लिंडी स्ट्रिकलंडला विचारलं. लिंडी वाचन शिकवायची. रोज दहा वाजता या अकरा जणांचा ती पूर्ण तास घ्यायची, कारण नापास गटासाठी तशी बाई देणं शाळेला भागच होतं.

लिंडीने मान वर केली नाही. "काढली ती. आता लागत नाहीत म्हणे. मिस वर्नेट, मला सोमवारपासून पिवळ्यांकडे जायला सांगितलंय."

"आणि दहाचा तास?"

"तो बंद."

"बंद म्हणजे? त्या ज्यूवेलला आत्ता कुठे अक्षर जोडता यायला लागलंय!"

"मला का ओरडता? मी काय करणार?" लिंडीचे डोळे भरून आले. वर्नेटला तिची दया आली नाही, उलट रागच आला. जो तो रडतो आणि सांगितलं तेच करतो.

ज्यूवेल पेटवे दहा वर्षांची होती. गेल्या महिन्यात तिने ओळीखाली बोट ठेवून अख्खं पान एकटीने वाचलं होतं. दीड वर्ष लागलं त्या एका पानाला, आणि ते त्या दहाच्या तासातच घडलं होतं. तास मध्येच तुटला की अशी मुलं होतं तेवढंही विसरतात. वर्नेटने सव्वीस वर्षांत हे डोळ्यांनी बघितलं होतं.

ती तडक पिकेटच्या खोलीत शिरली.

"तास का बंद केला?"

"बसा तर आधी."

"बसायला नाही आले मी."

पिकेटने सुस्कारा सोडला. "हे बघा, लिंडी एकच आहे. पिवळी मुलं बावीस. थोडा जोर लावला तर पास होतील, आपला 'ए' टिकेल. तुमची मुलं... गोड आहेत हो, पण पास होणार आहेत का? खरं सांगा."

"पास नाही होणार. पण वाचतील."

"वाचण्याला कॉलम नाही निकालाच्या तक्त्यात."

हे तो हसत म्हणाला. या माणसाने पाच वर्षं तिच्याच वर्गाच्या दारात उभं राहून 'एकही मूल मागे राहणार नाही' म्हणून भाषणं ठोकली होती, तेही घसा ताणून!

"कोणाला विचारून केलं हे तीसचं? एका तरी शिक्षकाला विचारलंत?"

"विचारलं की." पिकेटने कपाटातून जाडजूड बाड काढलं. लवचीकता मागायला राज्याने केलेला अर्ज होता तो. "शिक्षकांशी चर्चा केल्याचा पुरावा लावल्याशिवाय वॉशिंग्टन हात लावत नाही. आपल्या भागाची यादी इथे आहे. सतरावं नाव वाचा."

सतरावं नाव वर्नेट गेन्स होतं. खाली तिची सही, तिची तीच शेपटीवाली. पानाच्या माथ्यावर छापलं होतं: गटाची किमान संख्या तीस करण्याच्या प्रस्तावावर चर्चा झालेले शिक्षक. आक्षेप: नाही.

फेब्रुवारीत ग्रंथालयात झालेली ती बैठक तिला आठवली. शिक्षकाचा परवाना नवा करायचा तर प्रशिक्षणाचे तास भरावे लागतात, आणि बैठकीत सही केली की दोन तास पदरात पडतात. म्हणून इथला शिक्षक दारात कागद दिसला की आधी सही ठोकतो, मग खुर्ची शोधतो. वर्नेटनेही तेच केलं होतं. मागच्या रांगेत बसून तिने वह्या तपासल्या होत्या. पुढे कोणीतरी पडद्यावर आकडे दाखवत होता, शेवटी 'कोणाचा काही आक्षेप?' असंही विचारलं असावं. तिने मान वर केली नव्हती.

"ही हजेरी होती," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच खोटा वाटला.

"हजेरीच आहे. तुम्ही हजर होतात." पिकेटने बाड मिटलं. "केक तरी घेऊन जा घरी."

शुक्रवारी संध्याकाळी ती पेटवेंच्या घरी गेली. सोमवारी पोरीच्या तोंडून आईला कळण्यापेक्षा आपण सांगितलेलं बरं. ओडेसा पेटवे कोंबडीच्या कारखान्यातून नुकतीच आली होती, पायांतले रबरी बूट दारातच होते. कढईत मासे तडतडत होते. ज्यूवेल टेबलाशी बसून मक्याच्या पिठाची पिशवी मोठमोठ्याने वाचत होती.

"ऐका, मिस वर्नेट, ऐका! काल लोणच्याची बाटली वाचली, आज ही. डोकं उठवलंय नुसतं!" ओडेसाचा चेहरा आनंदाने फुलला होता. "थांबा, दोन मासे घेऊनच जा."

वर्नेटने पोरीला बाहेर खेळायला पाठवलं आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. तीसची अट, बंद झालेला तास, सगळं. ओडेसाचा मासा उलटवायचा तसाच राहिला.

"म्हणजे माझी पोर त्यांच्या मोजणीत नाही?"

"नाही."

"आणि तुम्ही भांडला नाहीत?"

वर्नेटला गप्प बसता आलं असतं. पिकेटवर ढकललं असतं तरी ओडेसाने डोळे मिटून विश्वास ठेवला असता. पण त्या केकसारखंच हेही घशाखाली उतरेना.

"मी सही केली होती, ओडेसा. फेब्रुवारीत. वर काय लिहिलंय ते वाचलंच नाही मी."

ओडेसाने शेगडी बंद केली. मग दोन्ही हात तिने एप्रनला पुसले.

"मी सातवीत शाळा सोडली," ती म्हणाली. "मला धड वाचता येत नाही, तुम्हाला माहीत आहे. कारखान्यात कागद पुढे केला ना, तर मी सही करत नाही. शिफ्टमधल्या कोणाकडून तरी आधी वाचून घेते. हसतात सगळे, म्हणतात, ओडेसा, कर की पटकन, रांग खोळंबलीय. हसू देत. मी नाही करत."

बाहेर ज्यूवेल कुत्र्याला काहीतरी वाचून दाखवत होती. ओडेसाने सरळ वर्नेटच्या डोळ्यांत बघितलं. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच वर्नेटला सोसवेना.

"तुम्हाला तर वाचता येतं ना, मिस वर्नेट?"