झेंडूच्या हाराखालचे ठिपके

मी भिंतीवरचा एक कागद बोलतोय. बारीक चौकटींचा, अंगभर ठिपके असलेला. पालमच्या बसस्टँडमागं रक्त तपासायची एक लहान लॅब आहे, तिथं राहतो. मला लिहिता-वाचता येत नाही. ठिपके तेवढे कळतात. घाई नसली तर बसा, सांगतो.

रेणुका इथं रक्त तपासते. तिनंच मला आखलं. मधोमध खऱ्या आकड्याची निळी रेघ, वर एक तांबडी, खाली एक तांबडी, ठिपक्यानं त्यांच्या बाहेर जायचं नाही. रोज सकाळी पहिला पेशंट यायच्या आधी ती फ्रिजमधून एक बाटली काढायची. तिच्यात साखर किती, हे कंपनीनं आधीच सांगितलेलं. तीच मशीनला लावायची अन् मशीन जे म्हणेल, त्याचा ठिपका माझ्या अंगावर द्यायची. माणसांची तपासणी मशीन करायचं, मशीनची मी.

ठिपके निळ्या रेघेच्या कधी वर, कधी खाली पडले की मला बरं वाटायचं. सगळेच एका बाजूला चालायला लागले की समजायचं, मशीन आजारी आहे. मग एकेक ठिपका तांबड्या रेघांच्या आत का असेना. एकटा ठिपका काही सांगत नाही बघा. रांग सांगते.

कमलबाई दर महिन्याला साखर तपासायला यायच्या. जवळच्याच खेड्यातल्या. त्यांच्या रानात बांधाला झेंडू. रेणुकाचं माहेर लांब, बोरीला, म्हणून या तिला लेक मानायच्या. साखर वाढलेली निघाली की रेणुका रागवायची, मावशी, चहा किती घेता?

"एकच घेते गं. कप तेवढा मोठा हाय."

खंडेनवमीला मशीनची पूजा होती. कमलबाईंनी घरच्या झेंडूचा हार आणला. चालत्या मशीनवर हार नको, असं रेणुका म्हणाली. मग कमलबाईंनी माझ्याकडं बोट केलं. म्हणाल्या, ह्याला घाल, ह्योबी रोज राबायलाय. मला लय आनंद झाला. माझ्या गळ्यात कधी कुणी हार घातला होता?

दिवाळी झाली, फुलं वाळली. पण पूजेचा हार कचऱ्यात कसा टाकायचा? तो गंगेतच सोडायचा. आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. लॅबचे मालक आबासाहेब म्हणायचे, तिकडं जाणं झालं की नेतो. जाणं काही झालं नाही.

रेणुका रोज हाराची कड उचलायची, आजचा ठिपका द्यायची अन् कड सोडून द्यायची. ठिपका तांबड्या रेघांच्या आत आहे ना, मग झालं. इकडं मशीनच्या पोटातला, ज्याच्या उजेडात साखर मोजतात तो दिवा म्हातारा झाला होता. असलेली साखर तो कमी-कमी दाखवायला लागला. हाराखाली ठिपके बारवेच्या पायऱ्या उतरल्यासारखे खाली चालले होते. मी ओरडणार कशानं? एकदा ठिपका तांबडीच्याही खाली गेला. रेणुकानं बाटली परत लावली, तेव्हा कसाबसा तांबड्या रेघेवर आला. तोच दिला. बाहेर पेशंट खोळंबले होते.

त्याच दिवसांत कमलबाईंचा रिपोर्ट निघाला. साखर उतरलेली. डॉक्टरांनी गोळी कमी केली. कापूस वेचताना त्यांच्या पायाच्या अंगठ्याला काहीतरी लागलं होतं. जाताना रेणुकाच्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, "भरंल आता. साखरच न्हाई म्हणल्यावर."

जखम भरली नाही. नांदेडला नेलं, तर तिथं साखर लय निघाली. पाय घोट्याच्या वरून काढावा लागला.

त्यांची सून शिवकन्या दोन्ही रिपोर्ट घेऊन आली. भांडली नाही. एवढंच म्हणाली, "ताई, तुमच्यात कमी अन् तिथं इतकी. असं कसं वो?"

रेणुकाचा हात आपोआप माझ्याकडं आला. तिनं हार काढला. वाळकी फुलं झडून खाली पडली अन् माझ्या अंगावरची सगळी उतरण उघडी झाली.

आबासाहेब हळू आवाजात म्हणाले, दिवा बदलू, पण कागद फाडून टाक. लॅब बंद पडली तर तूही घरी बसशील. रेणुकानं मला खिळ्यावरून काढलं. मला वाटलं, संपलं आपलं. तिनं माझी घडी घातली अन् एसटीत बसली.

कमलबाई घरी बाजेवर होत्या. रेणुकानं मला त्यांच्या मांडीवर पसरलं, सगळं सांगितलं. त्यांनी ठिपक्यांवरून सावकाश बोट नेलं.

"ही उतरण तर मलाबी दिसायलीय. तुला कशी दिसली न्हाई?"

"वर हार होता, मावशी."

बोट माझ्यावरच थांबलं.

"माझा?"

कमलबाईंनी तोंड भिंतीकडं फिरवलं. परतीच्या एसटीची वेळ होईस्तोवर रेणुका त्यांच्या उशाशी बसून राहिली.

पुढं दिवा बदलल्यावर तिनं त्या दिवसांतल्या बाकीच्या पेशंटांना बोलावून फुकट तपासून दिलं. आबासाहेब बरेच दिवस तिच्याशी बोलले नाहीत. आता मशीनजवळ नवा कागद असतो. मी दाराशी, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. माझ्यावर आता ठिपका पडत नाही, घडीच्या रेघा तेवढ्या राहिल्यात. तुम्ही कधी रक्त द्यायला आलात, तर भिंतीवरच्या ठिपक्यांकडं एकदा बघा. विचारायला लाजू नका.

यंदाच्या खंडेनवमीला कमलबाई कुबड्यांवर आल्या. पिशवीत हार होता. रेणुका तो हातात घेऊन उभीच राहिली.

"दाराला लाव," कमलबाई म्हणाल्या. "त्या कागदाला उघडं राहू दे."

दाराची चौकट माझ्यापासून वीतभर. झेंडूचा वास येतोय. मला तेवढा पुरे.